सोन्याचे नॅनोकण, लेसर आणि प्रोस्टेटचा कर्करोग

प्रश्न : माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असल्याचे निदान झाले आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण शिरेतून देऊन त्यांवर प्रकाश टाकला की गाठ जळून जाते, असे वाचनात आले. हे खरे आहे का? घरातील काही मंडळी म्हणतात, सोनेच द्यायचे तर सुवर्णभस्म का नको? त्यांना काय सांगावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, पण अपुरे आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठात नेओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी विकसित केलेल्या या कणांच्या गाभ्यात सिलिका असते आणि तिच्यावर सोन्याचे पातळ कवच असते. असा कण सुमारे १५० नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या साधारण पन्नासाव्या भागाइतका असतो. सारी किमया त्या कवचाच्या जाडीत आहे, कारण कण कोणत्या रंगाचा प्रकाश शोषून घेणार, हे तीच ठरवते. भरीव सोन्याचे गोल नॅनोकण हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून त्यांचे द्रावण लाल दिसते. परंतु हिरवा प्रकाश शरीरात खोलवर पोहोचत नाही. टॉर्चवर बोटे घट्ट धरली की पलीकडे फक्त लाल उजेड दिसतो, कारण इतर रंग रक्त शोषून घेते. लाल रंगाच्याही पुढचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ऊतींमधून त्याहून सहज जातो, आणि हे कवच नेमका तोच प्रकाश शोषून तापेल अशा बेताने घडवलेले असते.

गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने काही कण तेथे झिरपून साठतात. पुष्कळसे मात्र यकृत आणि प्लीहा यांत अडकतात. प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ मधील एका मोठ्या आढाव्यात, दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचलेल्या वाट्याची मधली किंमत (मीडियन) अवघी ०.७ टक्के आढळली. म्हणूनच कण दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी लेसरचा प्रकाशतंतू थेट ग्रंथीत घालावा लागतो. जेथे प्रकाश पडतो तेथील ऊतीच जळतात. यकृतातील कणांवर प्रकाश पडत नसल्याने ते तापत नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६ रुग्ण होते. त्यांपैकी १५ जणांवर हा उपचार पूर्ण करता आला आणि गंभीर गुंतागुंत झाली नाही. मात्र या सर्वांचा आजार ग्रंथीपुरता मर्यादित आणि कमी किंवा मध्यम जोखमीचा होता. हाडांत वा लसिकाग्रंथींत पसरलेल्या कर्करोगासाठी ही पद्धत नाही, कारण प्रकाश सर्वत्र नेता येत नाही. आणि १६ रुग्णांवरून दीर्घकाळच्या परिणामांविषयी निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही.

सुवर्णभस्माबाबत घरच्यांना स्पष्ट सांगावे. ते तोंडावाटे घेतात, त्याच्या कणांचा आकार अशा प्रकाशासाठी नेमका घडवलेला नसतो, आणि त्यात लेसर कोठेच नाही. नावात सोने आहे, एवढेच साम्य. वडिलांना ते सुरू करावयाचे असल्यास आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, आणि त्यासाठी ठरलेला उपचार मात्र एक दिवसही लांबवू नये.

डॉक्टरांना प्रथम हे विचारावे की आजार ग्रंथीपुरताच आहे का. कोणी आपल्या देशात हा उपचार ‘चाचणी’ म्हणून देऊ केला, तर ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मधील नोंदणी क्रमांक मागून घ्यावा; ही नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते.