मेथिलीन क्लोराइडच्या बाबतीत नाकावर भरवसा ठेवू नका

तुम्ही विचारलंय की बाथरूमच्या दाराचा जुना रंग मेथिलीन क्लोराइडवाल्या रिमूव्हरने काढायचाय, नायट्राइल (कृत्रिम रबराचे) ग्लोव्ह्ज आणि कार्बन फिल्टरचा मास्क आहे, चालेल का. नाही चालणार. दार बंद करून तर मुळीच नाही.

कामाला ते एक नंबर, यात वाद नाही. ब्रशने फासलं की थोड्याच वेळात रंगाला सुरकुत्या पडतात, पापुद्रे फुगतात आणि पट्टीने अलगद निघून येतात. औषध कारखान्यांत, अॅक्रिलिक जोडायला, धातूवरचं ग्रीस धुवायलाही तेच वापरतात. कॉफीतलं कॅफीन काढायलासुद्धा (तिथे ते नंतर उडवून टाकतात, कॉफी बिनधास्त प्या).

पण ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणजे डबा उघडताच वाफ सुरू. ही वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड, त्यामुळे खालीच साचते. अमेरिकेत बाथटबमध्ये वाकून जुनं कोटिंग काढणारे कामगार असेच दगावलेत. तिथल्या कामगार सुरक्षा संस्थेची (OSHA) कामाच्या जागेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आहे, आणि गोडसर वास बहुतेकांना येतो तो त्याच्या कितीतरी पट वर गेल्यावर.

खरी मेख पुढे आहे. शरीरात गेलेल्या मेथिलीन क्लोराइडचा काही भाग यकृत कार्बन मोनॉक्साइडमध्ये, म्हणजे रक्तात ऑक्सिजनची जागा अडवणाऱ्या विषारी वायूत, बदलतं. तुम्ही मोकळ्या हवेत आलात तरी हे काही तास चालूच राहतं. हृदयविकार असलेल्यांना हे फार महागात पडू शकतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका, त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. आकडा छान दिसेल. डोकं दुखलं, गरगरलं तर डॉक्टरांना रसायनाचं नाव सांगा, म्हणजे ते कार्बॉक्सीहिमोग्लोबिन (रक्तात किती कार्बन मोनॉक्साइड चिकटलाय ते) तपासतील.

नायट्राइलमधून ते काही मिनिटांत आरपार जातं, कार्बन फिल्टर लवकर निकामी होतो. कारखान्यात बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतात. हीट गन तर जवळही नको, तापल्यावर या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. कर्करोगाचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (IARC) त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलंय. अमेरिकेने घरगुती रंग काढण्यासाठी त्याच्या विक्रीवर २०१९ मध्येच बंदी घातली.

दार बिजागऱ्यांतून काढा, उघड्यावर न्या आणि बेंझिल अल्कोहोलवालं रिमूव्हर वापरा. वेळ बराच जास्त लागतो, लावून काही तास झाकून ठेवा. रंग फार जुना असेल तर आधी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या, तोवर सँडपेपर लावू नका.