जोनाथन स्विफ्ट आयरिश होता, म्हणजे कॅथलिक ना? मग धर्माची एवढी टिंगल का?

कॅथलिक नव्हता. गलिव्हरची सफर लिहिणारा हा माणूस अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचा, पाद्री होता आणि 1713 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1745 पर्यंत, डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथिड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य पाद्री.

घराणं मुळात इंग्लंडचं. आजोबा थॉमस स्विफ्ट हेरफर्डशरमधल्या गुडरिच गावचे पाद्री. यादवी युद्धात त्यांनी राजाची बाजू धरली, म्हणून पार्लमेंटच्या शिपायांनी त्यांचं घर पुन्हापुन्हा लुटलं. पुढे त्यांची काही मुलं नशीब काढायला आयर्लंडला गेली. जोनाथन 1667 मध्ये डब्लिनला जन्मला तेव्हा वडील वारलेले होते, शिकवलं गॉडविनकाकानं. म्हणजे जन्म आयर्लंडचा, पण चर्च राज्यकर्त्यांचं, बहुसंख्य प्रजा कॅथलिक असलेल्या देशातल्या मूठभरांचं.

आता टिंगल. 1704 च्या 'अ टेल ऑफ अ टब'मध्ये बाप तीन मुलांना एकेक कोट देतो आणि मृत्युपत्रात बजावतो, यात काही जोडू नका, काही काढू नका. पीटर म्हणजे रोम, जॅक म्हणजे कॅल्विनपंथी, कडवे प्रोटेस्टंट, आणि मार्टिन म्हणजे मधली वाट धरणारं अँग्लिकन चर्च. मग शहरात खांद्यावर गोंडे लावायची फॅशन येते. मृत्युपत्रात तो शब्द कुठेच नाही. पण अक्षरं तर आहेत! एकेक अक्षर वेचून शब्द जुळवतात, लागले गोंडे. (आपल्याकडे शास्त्राधार असाच शोधतात, हे वेगळं सांगायला नको.) पुढे उपरती झाल्यावर जॅक कोटावर चढवलेली सोनेरी जर इतक्या त्वेषानं ओरबाडतो की कोटच फाटतो. मार्टिन टाके हलक्या हातानं उसवतो. जिथं कापड जाईल असं वाटतं, तिथली सोनेरी जर राहू देतो. स्विफ्टचा जीव मार्टिनमध्ये. पार्लमेंटच्या बाजूला जॅकच्याच पंथाचे लोक होते, तेव्हा जॅकवरच्या रागात आजोबांचं लुटलेलं घरही असावं, असं मला वाटतं.

मी नागपूरच्या महाल भागात वाढलो, म्हणून पाद्र्यानंच धर्माची टिंगल करावी यात मला विसंगती दिसत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी आजी मिरवणुकीतल्या पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याला हात जोडायची, आणि मागून आलेल्या बडग्याच्या, म्हणजे टिंगलीच्या पुतळ्याच्या, गळ्यातली पाटी मला मोठ्यानं वाचायला लावून पदर तोंडाला लावून हसायची.

इंग्लंडच्या ॲन राणीला मात्र हसू आलं नाही. त्या पुस्तकामुळेच तिची मर्जी गेली असं मानतात. इंग्लंडात बिशप व्हायचं राहिलं ते राहिलंच. डब्लिनची डीनकी पदरात पडली.