आरोग्य-प्रश्नोत्तरे : प्रत्यारोपणानंतरचे रक्ताचे आकडे

प्रश्न : माझ्या आबांचे (वय ५८) चार महिन्यांपूर्वी मुंबईत यकृत प्रत्यारोपण झाले, यकृताचा भाग धाकट्या भावाने दिला. आम्ही रावेर तालुक्यात राहतो आणि दर पंधरा दिवसांनी जळगावला रक्त तपासून घेतो. या खेपेस एसजीपीटी ३४ वरून १०८ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ११० वरून ३१० झाले. बिलिरुबिन ०.९ आणि आयएनआर १.१ आहे. नवे यकृत निकामी होते आहे का?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण या आकड्यांवरून यकृत निकामी होत आहे असे म्हणता येणार नाही. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींत असणारे द्रव्य असून पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. त्यावरून इजा कळते, यकृताची कार्यक्षमता कळत नाही. रक्त गोठवणारी प्रथिने यकृत बनवते का, हे आयएनआरवरून समजते आणि पित्ताचा निचरा होतो का, हे बिलिरुबिनवरून. आबांचे हे दोन्ही आकडे चांगले आहेत.

तरीही थांबू नका. पित्ताचा मार्ग अडला की वाढणारे अल्कलाइन फॉस्फेटेज जवळपास तिप्पट झाले आहे, आणि जिवंत दात्याकडून घेतलेल्या यकृतात पित्तनलिका जोडाच्या जागी अरुंद होण्याची गुंतागुंत तुलनेने अधिक आढळते, त्यामुळे माझे लक्ष आधी तिकडे जाते. अहवाल आजच मुंबईच्या डॉक्टरांना पाठवून फोनवर बोला. ते बहुधा डॉप्लर सोनोग्राफी सांगतील, कारण यकृताच्या धमनीतील रक्तप्रवाह मंदावला तरी पित्तनलिकांना इजा होते. त्यानंतर गरजेनुसार एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), आणि शरीर यकृत नाकारत असल्याची शंका असेल तर बायोप्सी (यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणे). थंडी वाजून ताप, अंगाला खाज, गडद लघवी किंवा पांढुरकी शौच यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डिस्चार्ज कार्डावरील पहिल्या आठवड्याचे आकडेही डॉक्टरांना पाठवा. सातव्या दिवशी बिलिरुबिन १० किंवा अधिक, आयएनआर १.६ किंवा अधिक, किंवा त्या आठवड्यात एसजीओटी (एसजीपीटीसारखेच इजा दाखवणारे द्रव्य) अथवा एसजीपीटी २०००च्या वर, यांपैकी एक जरी असेल तर नव्या यकृताची सुरुवात अडखळत झाली असे मानतात, आणि अशा रुग्णावर पुढे अधिक बारीक नजर ठेवावी लागते.

एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगतो. शरीराने यकृत नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची पातळी मोजण्याचे रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी द्यायचे असते. पहाटे घर सोडताना आबांनी सवयीने गोळी घेतली आणि जळगावात दहा वाजता रक्त दिले, तर पातळी फसवी जास्त येते. मग डॉक्टर मात्रा कमी करतात आणि यकृत नाकारले जाण्याचा धोका वाढतो. म्हणून त्या दिवशी गोळी खिशात न्या, सुई निघाल्यावर तिथेच घ्या, आणि रात्रीच्या गोळीची व रक्त दिल्याची वेळ अहवालाच्या कोपऱ्यात पेनाने लिहून मगच त्याचा फोटो मुंबईला पाठवा.