आधी लायसन्स ठरवा, मग रेटिंग

प्रश्न: माझ्याकडे खासगी वैमानिकाचं लायसन्स आहे आणि पुढे एअरलाइनमध्येच जायचं आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (आयआर, म्हणजे बाहेर न बघता फक्त यंत्रांवर उडण्याची परवानगी) कुणी अमेरिकेत जा म्हणतं, तर कुणी युरोपातला 'कॉम्पिटन्सी बेस्ड' (कौशल्यावर आधारित) मार्ग कमी तासांचा म्हणून सुचवतं. काय निवडावं?

उत्तर: तास कुठे कमी लागतात यावरून मार्ग ठरवू नका. ज्या देशाच्या लायसन्सवर नोकरी करायची आहे, त्या देशाचे नियम आधी उघडा आणि तिथून मागे या.

आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) किमान अट अशी: पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार वैमानिक) म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उड्डाण) आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट टाइम (फक्त यंत्रांवर उडणं). अमेरिकेत विमान नियमांच्या पार्ट ६१ खाली हेच आकडे आहेत. त्या ४० पैकी १५ तास इन्स्ट्रक्टरबरोबर हवेत, बाकीचे हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) लावून सेफ्टी पायलटबरोबर (बाहेर लक्ष ठेवणारा दुसरा वैमानिक) उडता येतात. पार्ट १४१ च्या शाळेत ठरलेला अभ्यासक्रम असतो, ३५ तासांत रेटिंग मिळतं आणि ५० तास क्रॉस-कंट्रीची अटही नसते. ऐकायला छान वाटतं. पण हे रेटिंग दुसऱ्या देशात बदलून घ्यायला गेलात की ४० आणि ५० हे दोन्ही आकडे विचारले जाऊ शकतात, आणि ते भरून काढायला पुन्हा विमान भाड्याने घ्यावं लागतं.

युरोपात नेहमीच्या मॉड्युलर (टप्प्याटप्प्याच्या) कोर्सला सिंगल इंजिनवर ५० आणि मल्टी इंजिनवर ५५ तास लागतात, कॉम्पिटन्सी बेस्डला ४० आणि ४५. कॉम्पिटन्सी बेस्डमध्ये आधीच्या इन्स्ट्रुमेंट तासांचं क्रेडिट मिळतं, मात्र किमान १० तास मान्यताप्राप्त संस्थेतच उडावे लागतात. परीक्षा पास झाल्यावर हातात येणारं रेटिंग एकच, त्यात डावं-उजवं काही नाही. खरी मेख थिअरीत आहे. कॉम्पिटन्सी बेस्डची थिअरी आटोपशीर आहे, पण ती एटीपीएलच्या (एअरलाइन वैमानिकाचं लायसन्स) पेपरांना चालत नाही. उलट एटीपीएलचे पेपर पास असतील तर आयआरची थिअरी त्यातच धरली जाते. एअरलाइन नक्की असेल तर थेट एटीपीएल थिअरीला बसा, नाहीतर तोच अभ्यास दोनदा होतो. आणि 'बेसिक इन्स्ट्रुमेंट रेटिंग' हे नाव पाहून त्या वाटेला जाऊ नका. ते एकट्या वैमानिकाने चालवायच्या विमानांपुरतं आहे.

प्रश्न: आयआर सिंगल इंजिनवर करावं की थेट मल्टीवर? आणि कधी?

उत्तर: युरोपियन आयआर एक वर्षच चालतं, मग प्रोफिशियन्सी चेक (कौशल्याची फेरचाचणी) द्यावा लागतो. त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: तास जमवणं, एटीपीएल थिअरी आणि मल्टी इंजिन क्लास रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान चालवण्याची परवानगी) आधी, आयआर शेवटाकडे. मात्र फार रेंगाळू नका, कारण थिअरी पास झाल्यापासून ३६ महिन्यांत सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) आणि आयआर पदरात पडलं पाहिजे.

पैशांची ओढाताण असेल तर सिंगलवर आयआर करून मग मल्टीवर न्या. क्लास रेटिंग हातात असताना त्यासाठी मल्टीवर किमान ५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले ३ तास एफएनपीटी-२ (मान्यताप्राप्त सिम्युलेटरचा एक प्रकार) मध्ये चालतात. मात्र परीक्षा दोनदा द्यावी लागते. दोन्हींचा खर्च कागदावर मांडून बघा, बऱ्याचदा फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो.

अमेरिकन रेटिंगला मुदत नाही, पण मागच्या सहा महिन्यांत सहा अप्रोच (यंत्रांवर धावपट्टीकडे उतरत येणं), होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या घालणं) आणि कोर्स पकडून ट्रॅक करणं झालेलं नसेल तर ते वापरता येत नाही.

प्रश्न: सिम्युलेटरचे तास किती धरतात?

उत्तर: ते यंत्राच्या मान्यतेवर ठरतं. युरोपच्या मॉड्युलर सिंगल इंजिन कोर्समध्ये एफएनपीटी-१ वर २० तासांपर्यंत, एफएनपीटी-२ वर ३५ पर्यंत. घरच्या कॉम्प्युटरवर होल्डिंगची एन्ट्री घोटून घ्यायला हरकत नाही, पण ते तास कुठेच चढत नाहीत. पैसे भरण्याआधी यंत्राचं मान्यतापत्र बघायला मागा. लॉगबुकमध्ये प्रत्यक्ष ढगातले, हूडखालचे आणि यंत्रावरचे तास वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. अप्रोच कोणता आणि कुठे, सेफ्टी पायलट कोण, हेही त्याच दिवशी. रेटिंग बदलून घेताना अर्ज अडतात ते बहुतेक इथेच.

प्रश्न: आयएलएसवर (धावपट्टीकडे उतरवत आणणारी रेडिओ यंत्रणा) शेवटच्या दोन मैलांत माझी सुई डावी-उजवी पळते. आधी सगळं ठीक असतं.

उत्तर: सुई कोन दाखवते, अंतर नाही. लोकलायझरच्या (आयएलएसमधला डावं-उजवं दाखवणारा भाग) अँटेनापासून १० नॉटिकल मैलांवर सुई पूर्ण बाजूला असेल तर तुम्ही मध्यरेषेपासून सुमारे ८०० मीटर दूर असता, धावपट्टीच्या उंबरठ्यावर मात्र जेमतेम १०० मीटर. लांबवर चालून जाणारी १० अंशांची दुरुस्ती जवळ आल्यावर सुईला पलीकडे फेकते, मग तुम्ही उलटी दुरुस्ती करता आणि नागमोडी सुरू होते.

सुईचा पाठलाग सोडा. पाच मैलांच्या आधीच सुई जागेवर धरणारं हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) शोधा आणि तिथे बग (दिशेची खूण) लावा. त्यानंतर दुरुस्ती ५ अंशांच्या आत आणि जितके अंश वळायचं तितकाच बँक (विमानाचा तिरपेपणा). खाली येताना वारा सहसा मंदावतो, त्यामुळे वाऱ्यासाठी घेतलेला कोन हळूहळू कमी करावा लागतो. अनेकांची सुई नेमकी इथेच सुटते.

ग्लाइडस्लोपलाही (आयएलएसमधला वर-खाली दाखवणारा भाग) हाच न्याय. तीन अंशांच्या उतारावर ९० नॉट ग्राउंडस्पीडला (जमिनीच्या हिशेबाने वेग) मिनिटाला साधारण ४८० फूट उतरावं लागतं, समोरच्या वाऱ्याने ग्राउंडस्पीड ७५ झाला तर ४००. हा आकडा आधीच डोक्यात ठेवा, पॉवर थोडीच हलवा आणि ट्रिम करा (हाताचा जोर न लावता विमान स्थिर राहील असं जुळवा). ट्रिम नसेल तर चार्टवर नजर गेली की नाक हलतं.

युरोपच्या परीक्षेत अर्ध्या स्केलपर्यंत मुभा असते, अमेरिकेत पाऊण स्केलपर्यंत. सरावात मात्र सुई पाव स्केलच्या आतच ठेवा. ५०० फुटांखाली ती अर्ध्या स्केलबाहेर गेली तर सावरत बसू नका, गो-अराउंड घ्या (उतरणं सोडून पुन्हा वर जा).