वाचकांचे प्रश्न : जखम अजून ओली आहे, चालू की थांबू?

शस्त्रक्रिया पार पडली, तरीही जखम भरत नाही, अशा आशयाची तीन पत्रे या वेळी आली. पत्रलेखकांची नावे वगळून आणि मजकूर थोडा आटोपता घेऊन त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझे वय २९, वजन ६४ किलो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनवर काम करतो. माकडहाडाजवळ केस रुतून झालेल्या नाडीव्रणाची, म्हणजे पायलोनायडल सायनसची, शस्त्रक्रिया होऊन नऊ आठवडे झाले. जखम शिवलेली नाही, उघडी ठेवली आहे आणि आई रोज ड्रेसिंग करते. आता करंगळीच्या एका पेराएवढी खोली उरली आहे, पण गेले पंधरा दिवस त्यात फरक नाही. पूर्वी मी पहाटे रंकाळ्यावर पळायचो आणि संध्याकाळी तालमीत जोर-बैठका मारायचो. घरी बसून अंग जड झाले आहे. मामा म्हणतात, जखमेला हवा लागू दे, पावडर टाक, आपोआप सुकेल. तालमीतील मित्र जुलैत पन्हाळगड ते पावनखिंड चालत निघाले आहेत. मी जाऊ का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : पन्हाळगडाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. यंदा जाऊ नका. दोन दिवस भर पावसात, ओल्या कपड्यांनिशी, चिखलातून चढउतार करायचा आणि रात्री कुठल्यातरी वाडीत कोरडी जागा शोधून ड्रेसिंग बदलायचे, हे तुमच्या जखमेला झेपणारे नाही. पण जाऊ नका याचा अर्थ घरी बसा असा नाही, आणि पत्रातील मला सर्वांत खटकलेली गोष्ट हीच की दोन महिने तुम्ही जवळजवळ सगळीच हालचाल बंद ठेवली.

उघडी ठेवलेली जखम तळातून वर भरत येते. तळाशी प्रथम लालसर, दाणेदार मांसांकुर धरतात, ते वर चढतात, कडा आत ओढल्या जातात आणि सर्वांत शेवटी कातडी वरून सरकत येते. त्या जागी हे पूर्ण व्हायला दोन ते तीन महिने लागणे नेहमीचे आहे, त्यामुळे नऊ आठवड्यांना जखम शिल्लक असणे ही काळजीची गोष्ट नव्हे. पंधरा दिवस ती जागची हललेली नाही, हे मात्र शल्यचिकित्सकांना दाखवायलाच हवे. कधी वरच्या कडा तळ भरण्याआधीच एकमेकींना चिकटतात आणि खाली पोकळी राहते. कधी मांसांकुर कडांच्या वर फुगतात आणि कातडीची वाट अडते. कधी ड्रेसिंगच्या कापडाचा लहानसा तुकडा आत राहून गेलेला असतो. म्हणून आईंना सांगा की आत घालायची पट्टी एकच, सलग आणि सैल असावी व तिचे टोक बाहेर दिसत राहावे. तीन तुकडे दाबून बसवले की एक विसरला जातो, शिवाय ठासून भरलेल्या जखमेला वर यायला जागाच उरत नाही.

आणि केस. या आजाराचे मूळच ते आहे. गळालेले केस दोन कुल्ल्यांमधल्या घळीत साचतात आणि चालता-बसता होणाऱ्या घर्षणाने टोकाकडून कातडीत शिरतात. ते केवळ तिथले नसतात. पाठीवरून आणि डोक्यावरून गळलेलेही तिथवर पोहोचतात. जखमेत पडलेला एक केस आठवडाभराची प्रगती थांबवू शकतो. जखमेभोवतीचे बोटभर रुंदीचे केस नियमित काढून घ्या, आणि न्हाव्याकडून आल्यावर ड्रेसिंग बदलण्याआधी डोक्यावरून अंघोळ करा. ही दुसरी सूचना बहुतेक रुग्णांना कोणी दिलेली नसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील सुमारे ८० हजार जवानांना याच दुखण्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते आणि जीपच्या कडक बैठकीवरून तेव्हा त्याला जीपचा आजार असेच म्हणत. आपल्याकडे जीपची जागा दुचाकीने घेतली आहे. महामार्गावरून शिरोलीपर्यंत रोज खड्डे खात जाण्याऐवजी जखम भरेपर्यंत बसने, आणि शक्य तेव्हा उभ्याने, प्रवास करावा. मशिनवर तुम्हाला उभे राहावे लागते, हे तुमच्या पथ्यावरच पडले आहे.

आता व्यायामाचे. एकच कसोटी लावा : या हालचालीने रक्त खेळते, की जखमेच्या कडा ताणल्या जातात? सपाट रस्त्यावर चालताना पहिली गोष्ट घडते, बैठकीत दुसरी. खाली बसताना माकडहाडावरची कातडी दोन्ही बाजूंना कशी ताणली जाते, हे हाताने चाचपून पाहिले तरी कळेल. म्हणून बैठका, सपाट्या, सायकल, पोटाचे व्यायाम आणि अर्थातच कुस्ती सध्या बंद. रंकाळ्याच्या काठाने सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे चालणे आजपासून सुरू करा, उभ्याने हलक्या वजनाचे खांद्यांचे व कोपरांचे व्यायाम करा. चालून आल्यावर पट्टी काढाल तेव्हा ती नीट पाहा. फिकट पिवळसर किंवा किंचित गुलाबी लस ठीक आहे. कालच्यापेक्षा जास्त ताजे रक्त दिसले, तर दुसऱ्या दिवशी निम्मेच चालायचे. पळणे तळ कातडीच्या पातळीला आल्यावर, आणि बैठका कातडी पूर्ण मिटून आणखी काही आठवडे गेल्यावर, कारण नवी कातडी कागदासारखी पातळ असते आणि पहिल्याच जोरात फाटते. फाटलेली कातडी घेऊन परत आलेले पैलवान मी पाहिले आहेत, आणि त्यांची समजूत घालणे शस्त्रक्रियेपेक्षा अवघड गेले आहे.

तालमीत परत जाल तेव्हाही लंगोट काही काळ नको. त्याची पट्टी नेमकी त्याच घळीतून जाते, घाम धरून ठेवते आणि घासते. सैल सुती चड्डी घाला. घाम आला की अंघोळ करून लगेच ड्रेसिंग बदला. कामावर दुपारच्या सुट्टीत बदलण्यासाठी एक पट्टी सोबत ठेवा आणि त्याआधी मशिनच्या कूलंटचे (मशिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) हात साबणाने स्वच्छ धुवा. शौचानंतर नुसते पुसू नका, धुवा, आणि मागच्या बाजूने कोरडे करा. पोहणे, मग ते पंचगंगेत असो की विहिरीत, जखम मिटेपर्यंत नाही.

मामांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण १९६२ सालीच तो खोटा ठरला. जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरील उथळ जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या, काही पातळ पॉलिथिनने झाकल्या, आणि झाकून ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कोरड्या जखमेत नव्या पेशींना खपलीखालून वाट काढावी लागते. ओलसर याचा अर्थ चिंब असा मात्र नाही. जखम सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावी, ओलावलेली पट्टी सैल घालावी, वर कोरडी बांधावी. काढताना चिकटली तर पुन्हा भिजवून सोडवावी, ओरबाडू नये, कारण तिच्याबरोबर आठवडाभराचे मांसांकुर निघून येतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते, पण स्वच्छ जखमेत तो जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतो. पावडरीचे खडे होऊन तळाशी बसतात.

खाण्याविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. भरणाऱ्या जखमेला दर किलो वजनामागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुम्हाला दिवसाला ८० ते ९५ ग्रॅम. कट्ट्यावरचे म्हशीचे दूध अर्धा लिटर प्यायलात तर साधारण १९ ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांतून १२, वाटीभर कच्च्या मुगाची उसळ केली तर १७ च्या आसपास, उरलेली भाकरी, दही आणि मूठभर शेंगदाण्यांतून. मटण खावे, फक्त प्रथिने फोडींत असतात हे लक्षात ठेवावे. पांढऱ्या रश्शाच्या चार वाट्या पिऊन जखम भरत नाही. आवळा आणि पेरू यांतील क जीवनसत्त्व नवे तंतू विणायला लागते. तंबाखू असेल तर ती आजच सोडा.

शेवटी एक सोपी सवय. दर रविवारी त्याच उजेडात, शेजारी फूटपट्टी धरून, आईंना फोनवर जखमेचा फोटो काढायला सांगा आणि पुढच्या भेटीत चारही फोटो डॉक्टरांना दाखवा. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, लाली पसरू लागली, दुर्गंधी आली किंवा कमी झालेली वेदना पुन्हा वाढली, तर रविवारची वाट पाहू नये.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ६२. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया पोट उघडून झाली, त्याला पाच आठवडे झाले. त्यांना मधुमेह आहे. जखमेचा खालचा दोन इंच भाग उसवला असून त्यातून लस येते. पू होईल म्हणून नातेवाइकांनी डाळ, भात, दही, अंडी बंद केली आहेत आणि त्यांना खाटेवरून उतरू देत नाहीत. त्या मिश्री लावतात, ती सोडवत नाही. काय करावे?
— एक सूनबाई, करवीर तालुका

उत्तर : पू जंतूंमुळे होतो, डाळीमुळे होत नाही. पाच आठवडे डाळ, दही, अंडी बंद ठेवणे म्हणजे गवंड्याला विटा न देता भिंत बांध म्हणण्यासारखे आहे. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर हे सारे आजच सुरू करा. भाताचे प्रमाण मधुमेहामुळे सांभाळायचे, जखमेमुळे नव्हे.

साखर मोजा, अंदाजाने चालू नका. रक्तातील साखर सतत १८० च्या वर राहिली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट झुंजू शकत नाहीत. गोळ्यांनी आटोक्यात येत नसेल तर जखम भरेपर्यंत इन्सुलिन घेण्यास डॉक्टर सांगतील. एकदा इन्सुलिन लागले की कायमचे, या भीतीने ते नाकारू नका.

मिश्रीला आपल्या भागात कोणी व्यसन मानत नाही, दात घासणे मानतात. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीतून शिरणारे निकोटिन कातडीतील बारीक रक्तवाहिन्या आवळते, आणि उसवलेल्या कडांना नेमके रक्तच हवे असते. सासूबाईंना रागावून ती सुटणार नाही. दिवसातील कोणती वेळ त्यांना सोडता येईल हे त्यांनाच विचारा, तिथून सुरुवात करा, आणि डॉक्टरांना हे सांगायला लाजू नका.

खाटेवर झोपवून ठेवणे मात्र आज बंद. पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू झिजतात आणि साखरही चढते. जेवणानंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटे चालले तरी स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात. अमेरिकेतील ओहायो येथे २००५ साली ५५ ते ७७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींच्या हातावर मुद्दाम केलेली लहान जखम व्यायाम करणाऱ्यांत सरासरी २९ दिवसांत, तर न करणाऱ्यांत ३९ दिवसांत भरल्याचे दिसले. तो अभ्यास लहान होता, जखमही लहान होती. पण या वयात चालण्याने जखम चिघळते, ही समजूत मनातून काढायला तो पुरेसा आहे.

जपायचे ते वजन उचलण्यापासून. पोटाच्या भिंतीला तीन आठवड्यांनी मूळच्या बळाच्या पाचव्या हिश्श्याएवढेच बळ आलेले असते, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के येते, आणि पूर्वीएवढे पुन्हा कधीच येत नाही. भरलेली कळशी, गॅसची टाकी, नातवंड, यांतील काहीही पाच किलोंच्या वर असेल तर सध्या उचलायचे नाही. जखम उसवली असल्याने ही मर्यादा नेहमीच्या सहा आठवड्यांहून लांबेल. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन बसावे. खोकला आल्यास उशी पोटाशी घट्ट धरावी. जखमेतून अचानक गुलाबी पाण्याची धार लागली किंवा आतले काही बाहेर येत आहे असे वाटले, तर स्वच्छ ओले कापड झाकून, काही खायला न देता, थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. बेंबीजवळचे छिद्र आठवडाभरात भरले होते, महिन्याने तिथे गाठ येऊन पाण्यासारखा पू येऊ लागला. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. मी योगासने शिकवते, आसनांमुळे असे झाले का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आसनांमुळे नाही. छिद्र एकदा नीट भरून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा फुटते आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, तेव्हा क्षयरोगाच्या जंतूंच्या नात्यातले, पण त्यांच्याहून वेगळे असे मायकोबॅक्टेरिया जंतू मनात येतात. ते पाण्यात राहतात आणि नीट निर्जंतुक न झालेल्या उपकरणांवरून आत जातात. त्यांना नेहमीपेक्षा वेगळी औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. चौथा कोर्स सुरू करण्याआधी शल्यचिकित्सकांना पू आणि गाठीचा तुकडा तपासणीसाठी पाठवायला सांगा, आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर मायकोबॅक्टेरिया कल्चर (म्हणजे हे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) असे स्वतंत्र लिहून घ्या, कारण साध्या कल्चरमध्ये हे जंतू सहसा निसटतात आणि अहवाल निर्दोष म्हणून येतो. वर्ग बंद करू नका, उभी आसने आणि प्राणायाम शिकवा. भुजंगासन, धनुरासन मात्र स्वतः करून न दाखवता तोंडी सांगा.