सातारचं राज्य इंग्रजांनी न लढता कसं खालसा केलं?

तह, रेसिडेंट (दरबारात बसवलेला इंग्रजांचा प्रतिनिधी) आणि दत्तक नामंजूर करणं, या तीन पायऱ्यांनी. खरी लढाई १८१८ मध्येच संपली होती, पण ती पेशव्यांशी. आष्टीच्या लढाईत इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना पेशव्यांच्या ताब्यातून सोडवलं, साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि २५ सप्टेंबर १८१९ ला तह केला. राज्य त्यांना आणि त्यांच्या वारसांना कायमचं, असं त्यात लिहिलंय. मेख पुढच्या कलमांत आहे: बाहेरच्या कोणाशीही परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही. १८३९ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप याच कलमावर टेकवून प्रतापसिंहांना काशीला धाडलं आणि धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवलं. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी दाद मागायला लंडनपर्यंत गेले, कोणी ऐकलं नाही. १८४८ मध्ये आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा केलं. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांचाही याला विरोध होता, हे फारसं सांगितलं जात नाही. 'वारस' म्हणजे पोटचाच, हा अर्थ तहात कुठेच नाही. तो डलहौसीने सोयीने लावला, असं माझं मत.

मात्र सगळीकडे हेच झालं असं नाही. शेजारचं सांगली संस्थान पटवर्धनांकडे थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राहिलं. अर्थात इंग्रजांच्या वर्चस्वाखालीच.