गाडीची वॉरंटी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : पुढच्या महिन्यात नवीन मारुती घेतोय, एएमटी गिअरवाली, म्हणजे क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी. राहतो सुदामा नगरला, नोकरी पीथमपूरला, जाऊन-येऊन रोज साठेक किलोमीटर होतात. शोरूमवाल्यानं ऑन-रोड कोटेशनमध्ये एक्स्टेंडेड वॉरंटी (मूळ वॉरंटी संपल्यावर पुढे चालणारी, पैसे भरून घ्यायची) आधीच जोडून ठेवलीये. काढायला सांगू का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दादा, लगेच काढू नका, पण ती कोणाची आहे ते आधी विचारा. कोटेशनवर एका ओळीत रक्कम टाकलेली असते, आणि काही ठिकाणी डीलर गाडीच्या कंपनीची सोडून तिसऱ्याच कोणाची वॉरंटी चिकटवतात, मग क्लेमच्या वेळी अटी वेगळ्या, मंजुरी वेगळी, आणि दुसऱ्या शहरातलं वर्कशॉप ती मानेलच असं नाही. कंपनीचीच असेल तर पुण्याला जाताना धुळ्यात गाडी बसली तरी तिथल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये काम होतं. माझं मत स्पष्ट आहे, कंपनीची मिळत असेल तर दुसरी घेऊच नका, ती दोन-चार हजारांनी स्वस्त पडत असली तरी.

आता तुमचा हिशोब. मारुतीची मूळ वॉरंटी जुलै 2024 पासून 3 वर्षं किंवा 1,00,000 किमी आहे, जे आधी संपेल ते, त्याआधी ती फक्त 2 वर्षं किंवा 40,000 होती. रोजचे 60 धरून महिन्याचे 1,500, वर्षाचे 18,000, त्यात उज्जैन-पुणे मिळवून 20,000 म्हणू. म्हणजे 3 वर्षांत 60,000, किमी शिल्लक असतानाच तुमची मूळ वॉरंटी संपणार. पुढे 6 वर्षं किंवा 1,60,000 किमीपर्यंतचं पॅकेज मिळतं, तेवढ्यात तुमचे 1,20,000 होतील, म्हणजे भरलेले पैसे पूर्ण वापरात येतील. हेच कोणी धंद्यापायी वर्षाला 40,000 पळवत असेल तर त्याचे 1,60,000 चार वर्षांतच उडतात, त्यानं सहा वर्षांच्या आकड्याला भुलू नये.

गाडी पाच-सहा वर्षं ठेवणार असाल तर घ्याच. एएमटीचा अ‍ॅक्च्युएटर (क्लच आणि गिअर हलवणारा भाग), एसीचा कॉम्प्रेसर, ईसीयू (गाडीतला कॉम्प्युटर), स्टिअरिंगची मोटर, ह्यातलं एखादं गेलं तरी पॅकेजचे पैसे निघू शकतात. फक्त एक ध्यानात असू द्या, एएमटीतही क्लच प्लेट असतेच, आपण पायानं दाबत नाही एवढंच, आणि रोजच्या ट्रॅफिकमध्ये ती झिजली तर तो खर्च तुमचाच. ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर, ऑइल ह्यांचंही तेच. टायर आणि बॅटरीची वॉरंटी ती बनवणाऱ्या कंपनीची असते. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत नंतरही घेता येते पण उशीर केला की साधारण महाग पडते. डिलिव्हरीच्या वेळी सर्टिफिकेट हातात घ्या, चेसिस नंबर, शेवटची तारीख आणि किमी तिथंच बघा, नुसत्या बिलावर विसंबू नका.

प्रश्न : बाबांची गाडी वर्षाला जेमतेम चार हजार चालते, रामबाग ते राजवाडा आणि कधी देवासला आत्याकडे. आम्हीही एक्स्टेंडेड घ्यावी का?
– एक वाचक, रामबाग

उत्तर : ताई, गाडी साधी मॅन्युअल असेल आणि दोन-तीन वर्षांत विकायचा विचार असेल तर नका घेऊ. किमी तुमचे कधीच संपणार नाहीत, वर्षं संपतील. पण गाडी चालत नाही म्हणून सर्व्हिसिंग सोडू नका, ते किमी किंवा महिने ह्यात जे आधी येईल त्यावर असतं, आणि एखादी सर्व्हिस चुकली की क्लेम अडवायला त्यांना कारण मिळतं. उभ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडली किंवा पावसाचं पाणी शिरलं तर वॉरंटी काही देत नाही, ते काम इन्शुरन्सचं. तेव्हा ते पैसे चांगल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत (आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या) घाला, नुसत्या थर्ड पार्टीवर (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणाऱ्या) गाडी ठेवू नका.

प्रश्न : नऊ लाखाची गाडी, दीड वर्ष झालं. बाहेरून म्युझिक सिस्टीम बसवली होती. आता पॉवर स्टिअरिंग जड झालंय आणि वर्कशॉप म्हणतं बाहेरचं काम केलंत, सगळी वॉरंटी गेली.
– एक वाचक, विजय नगर

उत्तर : सगळी गेली हे तोंडी ऐकून परत येऊ नका. कोणती वायर कापली आणि तिच्यामुळे स्टिअरिंग कसं बिघडलं हे जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून मागा. खरंच त्याच वायरिंगला धक्का लागला असेल तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे, ते मान्य करावं लागेल. पण संबंध नसताना सरसकट नाकारणं पटणारं नाही. 2014 मध्ये स्पर्धा आयोगानं (बाजारातल्या कंपन्यांच्या मनमानीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 14 कार कंपन्यांना दंड केला तेव्हा हेही सांगितलं होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून पूर्ण वॉरंटी रद्द करायची सरसकट अट घालू नका. कंपन्या त्या आदेशाविरुद्ध अपिलात गेल्या, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर भांडू नका, तुमचा मुख्य जोर जॉबकार्डच्या कागदावर ठेवा.

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, मग 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, गाडी भोपाळहून आणली असली तरी इंदूरला चालेल. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. फी गाडीच्या किमतीवर असते, 5 ते 10 लाखाला 200 रुपये. आणि निकाल लागेपर्यंत जड स्टिअरिंग घेऊन गाडी चालवत बसू नका, लेखी नकार हातात आला की पैसे भरून दुरुस्त करून घ्या, पक्कं बिल घ्या आणि काढलेला जुना पार्ट मागून जपून ठेवा, आयोगापुढे तोच दाखवायचाय.